गोव्यात रीफ टँक थंड कसा ठेवायचा? पंखे लावूनही पाणी २८ च्या खाली येईना

निवटी (ताळगाव)

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टँक खाऱ्या पाण्याचा, मासे आणि प्रवाळ असलेला, तीन बाय दीड बाय दीड फूट, खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), सगळं मिळून पाणी २०० लिटरच्या आसपास. फ्लॅट वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. टँकमध्ये क्लाऊनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिंप, आणि मऊ प्रवाळ: झोअँथिड, मशरूम, एक मोठं लेदर आणि झेनिया. कडक प्रवाळ एकही नाही, ठेवायचंही नाही. दिवे एलईडी, संपमधलं पाणी वर नेणारा रिटर्न पंप २५ वॅटचा, पाणी खेळतं ठेवायला एक वेव्हमेकर.

फेब्रुवारीत संपवर एक आणि टँकवर एक असे क्लिपचे पंखे लावले तेव्हा पाणी आरामात २६ अंशांवर राहायचं. एप्रिल उलटला आणि सगळं बिनसलं. आता संध्याकाळी २९.५, पहाटे २८.५. झेनियाची उघडझाप थांबली आहे, लेदर अर्धंच फुलतं, श्रिंप दगडाखालून बाहेर यायला तयार नाही. दुकानदार म्हणाला आणखी एक पंखा लावा. लावला. फरक जेमतेम. हॉलमध्ये एसी नाही, बेडरूममध्ये आहे. चिलरची (पाणी गार करायच्या यंत्राची) किंमत ऐकून नवरा गप्प बसलाय. काय करू?

पुणेरी रीफ

पंख्यांची दिशा बघा आधी. हवा पाण्यावर तिरकी घासून गेली पाहिजे, सरळ खाली नको. काचेचं झाकण असेल तर काढून जाळीचं करा. क्लाऊन उडी मारत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा टँकमागे टॉर्च मारून बघावा. माझ्याकडे कोथरूडला बाहेर ३९ असताना पाणी २६ असतं, फक्त दोन पंख्यांवर. चिलरची काही गरज नाही.

खाजणकर (फोंडा)

पुणेकर, तुमचं खरं आहे, पण ते पुण्यात. निवटीताईंनी चौथा पंखा लावला तरी काडीचा फरक पडणार नाही, आणि त्यात पंख्याचा दोष नाही.

पंखा पाणी गार करत नाही, तो पाणी उडवतो. उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं, एका लिटरमागे सुमारे २४०० किलोज्यूल. २०० लिटर खारं पाणी १ अंशाने उतरवायला साधारण ८०० लागतात. म्हणजे कागदावर एक लिटर उडालं की तीन अंश उतरले. प्रत्यक्षात खोली, पंप आणि दिवे ती उष्णता परत आत ढकलत राहतात, पण ते सोडा. मुद्दा असा की पाणी उडायला हवेत जागा लागते, आणि आमच्या हवेत ती मे महिन्यात नसते. पुण्यात माठातलं पाणी घशाला लागतं तसं फोंड्यात लागत नाही, ते याच कारणाने.

याला एक पक्की तळरेषा आहे. हवामानवाले तिला वेट बल्ब म्हणतात. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, म्हणजे तुमची पुण्याची दुपार, तर ही रेषा २१ च्या जवळ येते. पंख्याला खाली उतरायला भरपूर वाव. हवा ३३ आणि आर्द्रता ७० टक्के, म्हणजे आमची दुपार, तर रेषा २८ च्याही वर. तीन काय तेरा पंखे लावा, पाणी त्याखाली जाणारच नाही. वर पंप आणि दिव्यांची उष्णता धरली की २९ झालेच. ताई, फेब्रुवारीत तुमचं जमलं कारण तेव्हा रात्री आणि सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि हवा कोरडी असते. आता वारा समुद्रावरून येतोय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. साध्या काचेच्या थर्मामीटरच्या फुग्याला जुन्या सुती पंचाचा बोटभर तुकडा गुंडाळा, दोऱ्याने बांधा, आरओच्या पाण्यात चिंब करा आणि टँकवरच्याच पंख्यासमोर धरा. पारा आधी भराभर उतरतो, मग हळू होतो आणि एका रेघेवर ठरतो. फडकं कोरडं पडायला लागलं की परत चढतो. चढायच्या आधीचा सगळ्यात खालचा आकडा लिहून घ्या. तो तुमच्या हॉलचा तळ. दुपारी एकदा आणि पहाटे एकदा बघा.

आणि त्याआधी टँकचा थर्मामीटर खरा बोलतोय का ते तपासा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी भांड्यात घालून ढवळा, त्यात शून्य दाखवायला हवं. काचेवर बाहेरून चिकटवायच्या पट्टीवर तर अजिबात जाऊ नका, ती अर्धी खोलीचं तापमान सांगते.

पुणेरी रीफ

हे मला खरंच माहीत नव्हतं. फडक्याचा प्रयोग इथंही करून बघतो. मात्र जाळीच्या झाकणाचा सल्ला मागे घेत नाही.

वास्कोचा पाणबुड्या

वाचतोय, भारी चाललंय. पण एक सांगा. मी वास्कोजवळच्या ग्रांद आयलंडला डायव्हिंगला जातो. पावसाआधी तिथलं वरचं पाणी २९-३० असतं आणि खाली खडकावर प्रवाळ मजेत आहे. मग टँकमध्ये २९ ला एवढी धावपळ कशाला? उगाच विजेचं बिल.

तिसऱ्या (म्हापसा)

पाणबुड्या, प्रश्न रास्त आहे. दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी विचारतंच.

प्रवाळाला अमुक आकडा चालतो आणि तमुक चालत नाही, असं नसतं. तो जिथं वाढला तिथल्या नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी किती वर गेलं आणि किती आठवडे तसंच राहिलं, यावर सगळं ठरतं. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेची पद्धतच तशी आहे. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी १ अंश वर गेलं की ताप मोजायला सुरुवात, आणि तो आठवड्यांवर साचवत जायचा. १ अंश जादा चार आठवडे टिकला की प्रवाळ पांढरा पडायला लागतो, याच्या दुप्पट झाला की मरायला लागतो. फक्त एका अंशाचा खेळ आहे. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हेच झालं.

आता निवटीचं लेदर बहुधा कोणाच्या तरी टँकमध्ये २५-२६ वर वाढलेल्या तुकड्यातून आलंय. त्याच्यासाठी २९.५ म्हणजे सरळ तीन अंशांहून जास्त वर, आणि तेही महिनाभर. ग्रांद आयलंडच्या प्रवाळाचे आजे-पणजे तिथंच वाढले, त्याच्याशी याची बरोबरी होत नाही. शिवाय आपल्या किनाऱ्याला पावसाळ्यात खालचं गार पाणी वर येतं, म्हणजे समुद्राला तरी उतार मिळतो. टँकला कोण देणार?

दुसरी गोष्ट प्राणवायूची. खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० ला सव्वासहा. फरक थोडा वाटतो, पण त्याच वेळी माशांची आणि जिवाणूंची भूक वाढलेली असते. रात्री दिवे बंद, झेनियाही प्राणवायू ओढतोय, आणि त्यात लाईट गेली तर? २६ वरचा टँक काही तास तग धरतो. २९.५ वरच्याकडे शिल्लकच नसते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर २५ च आणा असा माझा आग्रह नाही. २७ वर स्थिर असलेला टँक मला रोज २५ ते २८ झोके घेणाऱ्या टँकपेक्षा बरा वाटतो. मॉलमधल्या शोरूमचा आकडा गाठायच्या नादात बिल भरू नका.

वास्कोचा पाणबुड्या

पटलं. देव बरें करूं.

नवखा मासा

मी नवीन आहे, चुकत असेन तर सांगा. मग इथलाच, मालवण किंवा वास्कोकडचा प्रवाळ आणून ठेवला तर? तो ३० ला सरावलेला असेलच ना, चिलरच नको.

खाजणकर (फोंडा)

अजिबात नको. कडक प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच अनुसूचीत. समुद्रातून तुकडा तोडून आणणं सोडाच, किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळाचं हाडूक खिशात घालणंही अंगाशी येऊ शकतं. दुकानात कोणी 'लोकल आहे, स्वस्त देतो' म्हणाला तर तिथून निघा. बाहेरून आलेल्या मालाचीसुद्धा पावती आणि कागद मागा. हा विषय इथंच थांबवू.

निवटी (ताळगाव)

प्रयोग केला! पंचा सासऱ्यांचा, त्यांना कळायच्या आत परत ठेवला.

दुपारी तीन वाजता हॉल ३२.५, ओलं फडकं २८.२, टँक २९.३. पहाटे पाच वाजता हॉल २९, फडकं २६.४, टँक २८.४. खाजणकरदादा, तुम्ही म्हणालात तसंच. बर्फात टँकचा थर्मामीटर ०.४ दाखवतो, म्हणजे तेवढं वजा धरा.

म्हणजे पंख्यांकडून जे होण्यासारखं होतं ते झालं. आता चिलर की एसी? आणि माझी आई सांगते बर्फाच्या बाटल्या टाक, फ्रीजर रिकामाच आहे.

तिसऱ्या (म्हापसा)

आईंना नमस्कार, पण बाटल्यांचा हिशेब सांगते. एक लिटर बर्फ वितळून २६ अंशांपर्यंत येताना ४४० किलोज्यूलच्या आसपास उष्णता खातो. २०० लिटरला अर्धा अंश. तोही तासा-दोन तासांत भरून निघतो. तीन अंश उतरवून दिवसभर टिकवायचे तर तुम्ही फ्रीजरमागे नोकरीला लागाल.

संकटकाळासाठी मात्र दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवाच. आरओचंच पाणी भरा, झाकण सुटलं तर निदान नळाचं पाणी टँकमध्ये जायला नको. संपमध्ये एका वेळी एक. तासाला अर्ध्या अंशापेक्षा भराभर उतरवू नका.

चिरेबंदी (मडगाव)

चिलरबद्दल लिहितो, माझ्याकडे आहे.

चिलर उष्णता नाहीशी करत नाही, टँकमधून काढून खोलीत फेकतो, वर स्वतःच्या विजेची उष्णता जोडतो. वरच्या मजल्याच्या बंद हॉलमध्ये ठेवला तर हॉल तापणार, हॉल टँकला तापवणार, आणि चिलर दिवसभर घरघरत बसणार. टँकखालच्या कपाटात कोंबला तर आणखी वाईट. त्याला पुढून-मागून वीतभर मोकळी जागा हवी, जमलं तर खिडकी किंवा बाल्कनी. माझा टँक भिंतीच्या अलीकडे आणि चिलर पलीकडे पडवीत आहे, चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडून दोन नळ्या नेल्या आहेत. भोक पाडणारा गवंडी अजून मला वेड्यात काढतो.

आकाराबाबत: २०० लिटरला १/१० एचपी असं डब्यावर लिहिलेलं असतं. तो आकडा थंड खोलीचा. गोव्यात पाव एचपीच्या खाली जाऊ नका, नाहीतर मेमध्ये तो बंदच होणार नाही. मागच्या जाळीवर खाऱ्या हवेची पूड आणि धूळ बसते, ती मऊ ब्रशने काढत राहा. इतरांचे चिलर 'गॅस गेला' म्हणून दुकानात जातात, त्यातले बरेच नुसते जाळी गच्च झालेले असतात.

खाजणकर (फोंडा)

चिरेबंदींच्या प्रत्येक शब्दाला +१. पण निवटीताईंच्या घरात चिलर ठेवायला पडवी नाही, आणि बेडरूममध्ये एसी आहे. मी त्यांच्या जागी असतो तर टँक बेडरूममध्ये नेला असता. कारण एसी फक्त गारवा देत नाही, हवेतलं पाणी काढतो. आपली खरी लढाई त्या पाण्याशी आहे.

बघा, एसीने खोली २७ वर आणि आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणली की ओल्या फडक्याची रेषा साडेवीसवर येते. म्हणजे हॉलमध्ये हात टेकलेले तुमचेच पंखे बेडरूममध्ये कामाला लागतात. एसी १८ वर लावून कुडकुडायची गरज नाही. एसी २७, टँकवर एकच छोटा पंखा, पाणी २५.५ ते २६. उलट पंखा जास्त गार करेल, म्हणून तो थर्मोस्टॅटवर घ्या. एसटीसी-१००० नावाचा साधा कंट्रोलर मिळतो. सेट २६, फरक ०.५ ठेवला की २६.५ ला पंखा सुरू, २६ ला बंद. वायर जोडताना इलेक्ट्रिशियन बोलवा, त्या लाईनवर आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) असू दे, आणि प्रत्येक वायर प्लगपाशी जायच्या आधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये जात नाही.

डीह्युमिडिफायर घेऊ का, असा प्रश्न पुढे येणारच म्हणून आधीच सांगतो: तो हवा कोरडी करतो पण खोली तापवतो. एकटा घेऊन उपयोग नाही.

वजनाचं मात्र बघा. पाणी, दगड, काच आणि स्टँड मिळून पाव टनाच्या वर जातं. बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवा.

निवटी (ताळगाव)

बेडरूम! हे डोक्यातच आलं नव्हतं. बिलाचं काय पण? नवरा बोलायला लागलाय, पहिला प्रश्न हाच.

चिरेबंदी (मडगाव)

हिशेब प्रामाणिकपणे करू. पाव एचपी चिलर साधारण ३०० वॅट घेतो. दिवसाला आठ तास चालला तर २.४ युनिट, महिन्याला ७२. एक टनाचा इन्व्हर्टर एसी खोली गार झाल्यावर तासाला अर्धं युनिट धरा. रात्री तुम्ही तो लावताच, ते सोडून द्या. दुपारचे आठ तास जास्तीचे, म्हणजे ४ युनिट, महिन्याला १२०. निव्वळ विजेत चिलर स्वस्त. पण चिलरची किंमत भरून निघायला फरक फार थोडा आहे, आणि एसी तर घरात आहेच. वर दुपारी सासूबाई त्या खोलीत झोपल्या की बिलाचा विषय आपोआप मिटेल.

आणि हे फक्त मार्च ते जून आणि थोडं ऑक्टोबरात. डिसेंबर-जानेवारीत पंख्यावर भागतं.

वाळपईकर

आमच्याकडे सत्तरीत उलटं आहे. जानेवारीत पहाटे घरात १९-२० होतं, टँक २२ पर्यंत उतरतो. हीटर लावावा का?

तिसऱ्या (म्हापसा)

लावा, पण लहान. २०० लिटरला १०० वॅट पुष्कळ. हीटर बिघडला की बऱ्याचदा चालू अवस्थेतच अडकतो. ३०० वॅटचा अडकला तर सकाळी सूप मिळेल, १०० वॅटचा अडकला तर तुम्हाला निदान काही तास मिळतात. तोही त्याच एसटीसीच्या दुसऱ्या बाजूला जोडा, त्यात गरम आणि गार दोन्ही असतात.

निवटी (ताळगाव)

अपडेट. टँक बेडरूममध्ये गेला. अर्धं पाणी ड्रममध्ये, दगड टबमध्ये, मासे बादलीत एअर पंपावर. शेजारचे दोघे आणि नवरा अशा तिघांनी रिकामी काच उचलली. तापमान मुद्दाम हळूहळू उतरवलं. आता २६ आणि २६.५ च्या मध्ये आहे, एका पंख्यावर. श्रिंप बाहेर आला. लेदरने कात टाकली आणि पूर्ण फुललं. झेनिया अजून रुसलेला आहे.

दोन प्रश्न. काल वादळी पावसात तीन तास लाईट नव्हती, तेव्हा काय करायला हवं होतं? आणि एसीच्या पाइपातून रोज बादलीभर पाणी येतं, अगदी स्वच्छ. पंख्याने उडालेल्या पाण्याच्या जागी तेच टाकलं तर आरओची बचत होईल का?

खाजणकर (फोंडा)

लाईट गेली की तापमानाची काळजी दुसरी, प्राणवायूची पहिली. २०० लिटर पाणी सावकाश तापतं, पण वाहणं थांबलं की दगडातले जिवाणू आणि मासे उरलेला प्राणवायू भराभर संपवतात. बॅटरीचा छोटा एअर पंप टँकच्या मागे टांगून ठेवा, लाईट गेली की आपणहून सुरू होणारा मिळतो. वेव्हमेकर डीसी असेल तर १२ व्होल्ट चालतो की २४ ते बघून बॅटरी जोडता येते. घरचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर प्युअर साइन वेव्हचा आहे ना ते पाहा, नाहीतर रिटर्न पंप गुणगुणतो आणि तापतो. एसी इन्व्हर्टरवर घालायचा विचार करू नका. खोलीचं दार आणि पडदे बंद ठेवा, तेवढा गारवा दोन-तीन तास टिकतो. माशांना त्या वेळात खायला घालू नका.

एसीचं पाणी टँकमध्ये चुकूनही नको. ते तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरून ओघळत येतं, वर ट्रेमधली बुरशी आणि धूळ. मासे एक वेळ सोसतील, पण तांबं श्रिंपला आणि प्रवाळाला विष आहे, आणि दगडात एकदा मुरलं की निघता निघत नाही. टॉप-अपला आरओ-डीआयचंच (क्षार पूर्ण काढलेलं) पाणी, तेही फ्लोटवर (पातळी उतरली की पाणी सोडणारा), म्हणजे क्षारता हजारी ३५ च्या आसपास राहील. फ्लोटखाली गोगलगाय अडकते, जाळीचा तुकडा लावा. एसीचं पाणी तुळशीला घाला.

निवटी (ताळगाव)

तुळशीला सासूबाई आधीच घालतायत. फ्लोट आणि एअर पंप या शनिवारी म्हापशाहून आणते. तिसऱ्या, तुमच्या ओळखीचं दुकान असेल तर विचारपूस करून ठेवाल का?

तिसऱ्या (म्हापसा)

शुक्रवारी या, बाजाराचा दिवस. पार्किंग मिळणार नाही, पण बाकी सगळं मिळेल.